पाणी कोण तापवत होतं?

आमच्या गावात गुरुवारी दुपारी म्हातारी मंडळी जमतात. चहा-बिस्किटं असतात, आणि कुणीतरी घरातली एखादी जुनी वस्तू नाहीतर फोटो घेऊन येतं. त्यावरून आठवणी निघतात. मी तिथे खुर्च्या मांडते, चहा करते आणि जे कानावर पडेल ते वहीत उतरवून ठेवते. गेल्या हिवाळ्यात एका गृहस्थांनी परसातल्या खोपट्यातून पत्र्याचा आंघोळीचा टब काढून आणला. लांबट, दोन्ही टोकांना कान, तळाला गंज. एके काळी इथल्या प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीवर असा एक टब खिळ्याला टांगलेला असे. तो टेबलावर ठेवल्याबरोबर खोलीत एकदम बोलणं वाढलं. गृहस्थ पंचाऐंशीच्या पुढचे. सांगू लागले, वडील कोळशाच्या खाणीतली पाळी संपवून काळेठिक्कर होऊन यायचे, डोळे आणि दात तेवढे पांढरे. चुलीसमोर टब मांडलेला, त्यातून वाफा निघतायत. वडील गुडघ्यांवर बसून आधी कमरेवरचं अंग धुवायचे आणि पाठ चोळायचं काम आम्हा पोरांचं. साबणाचा वास, ओल्या फ्लॅनेलच्या शर्टाचा वास, वर रटरटणारा मटणाचा रस्सा. ऐकणारे माना डोलवत होते. एक-दोघांचे डोळे भरून आले होते.

त्यांच्या शेजारच्या बाईंनी कप बशीत ठेवला आणि विचारलं, "पाणी कोण तापवत होतं?"

सूर भांडणाचा नव्हता. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की आपण "काय, कुठे निघालात?" म्हणतो, तितकंच साधं. "आई. आणखी कोण?" गृहस्थ म्हणाले, आणि गाडी टबावरून रग्बीवर गेली. चहाचे कप विसळताना, घरी जाताना, रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं गाव मार्डी. दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा फाख या अरुंद दरीचं अगदी वरचं टोक. खालून येणारा रस्ता फर्नडेलवरून इथे येतो आणि पुढे डोंगर चढून पलीकडे ॲबरडेअरला उतरतो. मधल्या पठारावर वारा, मेंढ्या आणि आता पवनचक्क्या. डोंगराच्या कडेने दगडी घरांच्या लांबच लांब रांगा, भिंतीला भिंत लागलेली, पुढचं दार थेट रस्त्यावर उघडणारं. गावात शिरताना खाणीच्या चाकाचा अर्धा भाग जमिनीत रोवून ठेवलेला दिसतो. याच चाकावरून माणसं खाली जायची आणि कोळसा वर यायचा. माझ्या नवऱ्याला या दरीतल्या दवाखान्यात काम मिळालं, म्हणून आम्ही इथे आलो. आमच्या आधीही आपल्याकडचे खूप डॉक्टर या दऱ्यांत येऊन गेले. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या ओल्या, धुळीने भरलेल्या छाती तपासायला ब्रिटिश डॉक्टर फारसे राजी नसत. ती जागा भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी भरली. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना माझं नवल वाटत नाही. डॉक्टरांची बायको म्हणून दार उघडतं, आणि दार उघडलं की या गावात चहा होतोच.

गुरुवारच्या आठवणींत बरंच काही येतं, आणि ते ऐकताना मी हरखून जाते. पाळी बदलल्याचा भोंगा, त्यावर गावभराची घड्याळं लावली जायची. खाणकामगाराला मिळणारा हक्काचा कोळसा लॉरीतून थेट मागच्या गल्लीत ओतला जायचा. मग पोरंबाळं, म्हातारे, शेजारीपाजारी फावडी-बादल्या घेऊन अंधार पडायच्या आत तो आत वाहून न्यायचे. रस्त्यावर कोळसा पडून राहणं ही अब्रूची गोष्ट. जुलैअखेर खाणी पंधरा दिवस बंद, आणि अख्खी दरी पोर्थकॉलच्या समुद्रावर. तिथेही शेजारच्या तंबूत तेच शेजारी. बार्दी नावाच्या इटालियन गावाहून आलेल्या कुटुंबांची कॅफे, काचांवर वाफ धरलेली, आत गरम दूध आणि आइस्क्रीम. कामगारांनी पगारातल्या पौंडामागे एक पेनी देऊन उभारलेली वाचनालयं आणि नाट्यगृहं. पलीकडच्या दरीत ट्रिऑर्कीला तसं एक अजून दिमाखात उभं आहे. आमच्या गावचं पाडलं. त्याबद्दल बोलताना माणसं अजूनही शिव्या घालतात.

आणि अर्थातच संप, सरकार खाणी बंद करणार म्हणून खाणकामगारांनी केलेला. १९८४ च्या मार्चमध्ये सुरू झाला, वर्षभर चालला, आणि त्या वर्षात मार्डीच्या खाणीतला एकही माणूस फुटून कामावर गेला नाही. हे वाक्य इथे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याची मान जरा वर होते. १९८५ च्या ५ मार्चला पहाटे अंधारात बॅंड वाजवत, झेंडा पुढे धरून सगळे कामावर परत गेले. हरले होते, पण मिरवणुकीने गेले. १९९० च्या डिसेंबरात खाण बंद झाली. ऱ्होंडातली ती शेवटची. इथल्या कम्युनिस्ट वळणामुळे या गावाला लोक 'छोटं मॉस्को' म्हणायचे आणि गावाला त्याचा अभिमान होता. मलाही तो आता वाटतो, जरी त्या अभिमानासाठी मी काही केलेलं नाही.

हे सगळं खरं आहे. पण पाणी कोण तापवत होतं हे विचारल्यावर लक्षात आलं, की माझी वही जवळजवळ पूर्ण जमिनीखालच्या गोष्टींनी भरलेली आहे. दिवा, कुदळ, जेवणाचा पत्र्याचा डबा, कोळसा ओढणारे घोडे. नाहीतर मग मिरवणुका. घर आलंय ते फक्त पाळी संपवून घरी येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून. दार उघडतं, चूल पेटलेली, पाणी तयार.

त्या बाईंकडे मी गेले. त्यांनी बोलावलं होतं. तव्यावर भाजलेले मनुकांचे गोड चपटे केक पुढे केले आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी उगाच बोलले. भला माणूस आहे तो." मग बराच वेळ आम्ही पावसाबद्दल बोललो. मी निघायच्या बेतात असताना त्यांनी उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून वर, कातडीचा एक पट्टा होता. फिकट, चकचकीत, कडांना चुण्या पडलेला, केस नसलेला. चार वर्षांच्या असताना उकळत्या पाण्याच्या भांड्याला धक्का लागला होता. आई टबाकडे पाणी नेत होती आणि ही पायात आली.

या दरीतल्या पुरुषांच्या अंगावर निळ्या खुणा असतात. जखमेत कोळशाची भुकटी शिरते आणि वर कातडी धरते, त्या खाली कायमच्या राहतात. कपाळावर, हाताच्या पाठीवर, नाकावर, गोंदल्यासारख्या. फोटो काढणारे येतात ते या खुणांचे फोटो काढतात. बाईंच्या हाताचा फोटो कुणी काढलेला नव्हता. त्यांनाही तो कुणाला दाखवावासा वाटला नव्हता. भाजणं ही आईची चूक, अशी समजूत. आईने तीच धरून ठेवली होती आणि मरेपर्यंत सोडली नाही.

मग त्या बोलत गेल्या. घरात वडील, दोन मोठे भाऊ आणि एक भाडेकरू, चौघेही खाणीत आणि चौघांच्या पाळ्या कधी एकत्र येत नसत. दिवसपाळीचा माणूस दुपारी परततो तोवर दुपारपाळीच्याचा डबा भरायचा. तो मध्यरात्री येणार, तोवर जागं राहायचं. रात्रपाळीचा सकाळी येणार, त्याच्या आधी उठायचं. प्रत्येकाला लागणारं कढत पाणी, आणि ते तापवायला भिंतीतली एकच लोखंडी चूल. नळ घराबाहेर. भरलेलं भांडं आत आणायचं, उचलून चुलीवर चढवायचं, उतरवायचं, टबात ओतायचं, विसण घालायचं. आंघोळ झाली की तेच काळं पाणी बादली-बादलीने उपसून बाहेर नेऊन टाकायचं. कपडे घरात झटकायची सोय नाही. मागच्या भिंतीवर आपटून धूळ काढायची आणि चुलीपुढच्या पितळी दांडीवर वाळत घालायचे, कारण उद्या पुन्हा तेच घालायचे. खाणीतून येणारा माणूस रोज काखेत लाकडाचा एक ठोकळा मारून आणायचा, सकाळच्या जाळासाठी. बाई म्हणाल्या, तेवढी एक भेट असे आईला खाणीकडून. आणि धुळीशी चाललेल्या या रोजच्या झटापटीत पुढच्या दाराची पायरी घासून पांढरी ठेवायची. ती काळी दिसली की शेजारीण काय म्हणेल.

माझ्या आजीच्या घरी, सातारला, पाणी बंबात तापायचं. पहाटे तो पेटवण्याचं काम बायकांचं, आणि आंघोळीचा पहिला मान आजोबांचा. त्या बंबाच्या धुराचा वास मला अजून आवडतो. का आवडतो, तर तो पेटवायला मला कधी उठावं लागलं नाही. बाईंच्या घरी बसले असताना हे मला इतकं लख्ख जाणवलं, की काही वेळ त्या काय म्हणत होत्या तिकडे लक्षच राहिलं नाही.

नंतर मी जरा वाचायला लागले, आणि कळलं की हा प्रश्न त्या बाईंच्या आधी फार मोठ्या ठिकाणी विचारून झालेला आहे. १९१९ साली कोळसा उद्योगाच्या चौकशीसाठी सॅंकी आयोग बसला होता. त्याच्यासमोर साक्ष द्यायला खाणमालक आले, तज्ज्ञ आले, पुढारी आले, आणि खाणकामगारांच्या घरातल्या तीन बायकाही लंडनला गेल्या. त्यांतली एक ऱ्होंडाची एलिझाबेथ अँड्र्यूज. खाणकामगाराची मुलगी आणि खाणकामगाराचीच बायको. बाराव्या वर्षी शाळा सुटलेली. तिने आयोगाला सांगितलं, की खाणीवरच न्हाणीघरं बांधा. पाण्याची भांडी आणि टब उचलून बायका मोडतायत, दिवस भरण्याआधी बाळंत होतायत, कढत पाण्याने पोरं भाजतायत. मला ती उभी राहिलेली दिसते. समोर बसलेल्या किती जणांनी जन्मात कधी स्वतःसाठी पाणी तापवलं असेल?

कायदा तर आधीच होता. १९११ च्या खाण कायद्यात न्हाणीघरांची तरतूद होती, पण दोन-तृतीयांश कामगारांनी मतदान करून मागणी करायची आणि खर्चाचा वाटाही उचलायचा. फारशा खाणींत तसं झालं नाही. कित्येक पुरुषांना नको होतं. पैसा जास्त, दुसऱ्यांसमोर उघडं होण्याची लाज, घामेजल्या अंगाने धुऊन थंडीत बाहेर पडलं तर न्यूमोनिया होईल ही भीती. शिवाय एक जुनी समजूत अशी, की रोज पाठ धुतली तर पाठ कमजोर होते. म्हणून काही जण पाठ तशीच काळी ठेवत. मतदान पुरुषांचं. ज्यांच्या कंबरा पाण्याने मोडत होत्या त्यांना मत नव्हतं. हे वाचून मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही. पुढे १९२० साली टनामागे एक पेनी असा कल्याण निधी सुरू झाला, १९२६ साली न्हाणीघरांसाठी वेगळी पट्टी बसली, आणि मग एकेका खाणीवर पांढऱ्या टाइल्सची, मोठ्या खिडक्यांची न्हाणीघरं उभी राहू लागली. बऱ्याच गावांना ती मिळायला पुढची वीस-तीस वर्षं गेली.

या दरीच्या कोळशाबद्दल एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळते आहे. ऱ्होंडाचा कोळसा जगात गाजला तो बॉयलरसाठी. धूर कमी, आच जबर. ब्रिटिश आरमाराला हाच हवा असायचा. १९१३ साली दक्षिण वेल्समधून साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, आणि कार्डिफ नि बॅरीच्या धक्क्यांवरून जगभर गेला. एडनला गेला, आपल्या मुंबई बंदरातही उतरला. म्हणजे या कोळशाचं जगातलं मुख्य काम काय, तर पाणी तापवणं. बोटींचं, आगगाड्यांचं, कारखान्यांचं. त्या पाण्याच्या वाफेचे हिशेब टनावारी लिहून ठेवलेत. इथे घराघरांत त्याच कोळशावर जे पाणी तापलं, त्याची कुठे नोंद नाही.

बाईंच्या वडिलांच्या खाणीवर न्हाणीघर आलं तेव्हा त्या शाळकरी होत्या. मी विचारलं, आई खूश झाली असेल. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशी वडील घरी आले ते स्वच्छ, भांग पाडलेले, दुसरे कपडे घातलेले. धाकटी बहीण ओरडली, की घरात कुणीतरी पाहुणा आलाय. आई चुलीपाशी उभी होती, हातांना काम नव्हतं. कितीतरी दिवस त्या वेळेला तिला करमेना. पाठ चोळताना दोघं बोलायची. खाणीत काय झालं, कुणाला लागलं, पगारातलं किती कापलं. दिवसभरात दोघांचा तेवढाच वेळ असायचा. पाणी गेलं आणि त्याच्याबरोबर तोही गेला. "पण ती लवकर झोपू लागली," बाई म्हणाल्या. "आणि तिचे हात बरे झाले. भेगा गेल्या." मग थोड्या वेळाने, "तरी कधी कधी म्हणायची, तो आता कुठे काही सांगतो."

हे मी वहीत लिहिलं तेव्हा गुरुवारचे ते गृहस्थ मला नव्याने समजले. त्यांची आठवण खोटी नव्हती. त्या ऊबेत त्यांची आईसुद्धा होती, फक्त पोराच्या उंचीवरून दिसेल तेवढीच.

धुळीचं तर काय सांगावं. पन्नासच्या दशकात डॉ. आर्ची कॉक्रेन यांच्या पथकाने याच दरीतल्या जवळजवळ प्रत्येक आजी-माजी खाणकामगाराच्या छातीचे एक्स-रे काढले. वैद्यकाच्या इतिहासात हे काम फार मोठं मानलं जातं. पण फुप्फुसं भरलेला तो माणूस जिना चढू शकेना, तेव्हा खालच्या खोलीत खाट आणली कुणी, रात्री-बेरात्री उशा चढवून त्याला बसता केलं कुणी, थुंकी धुतली कुणी? पाठ चोळणारे हात पुन्हा पाठीकडेच गेले, या वेळी श्वास सुटावा म्हणून. न्हाणीघर आलं म्हणून बायकांचं काम संपलं नाही.

आणि पाऊस. इथे पाऊस म्हणजे हवामान नव्हे, काळजी आहे. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ॲबरवॅनला खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. तो ढीग झऱ्यावर रचला होता. गुरुवारी कुणीही ॲबरवॅनचा विषय काढत नाही, फक्त ऑक्टोबरात आवाज जरा खाली येतात. २०२० च्या फेब्रुवारीत वादळी पावसाने खालच्या टायलर्सटाउनचा ढीग नदीत उतरला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्या रात्री आमच्या रांगेतल्या बायका दिवे लावून खिडकीत उभ्या होत्या. पुरुष म्हणत होते, आपला डोंगर पक्का आहे.

आता गुरुवारी मी एक करते. कुणी खाणीची गोष्ट सांगून झाली, की विचारते, "आणि घरात त्या वेळी काय चाललेलं असायचं?" सुरुवातीला बायका "काही नाही हो, नेहमीचंच" म्हणायच्या. मग एकीने सोमवारचं काढलं. सोमवार धुण्याचा. चादरी उकळून, घासून, पिळून मागे दोरीवर टाकल्या आणि वारा खाणीच्या बाजूने सुटला, की अर्ध्या तासात सगळ्या करड्या. पुन्हा पहिल्यापासून. त्यावर खोलीत जो वाद पेटला तसा रग्बीवरूनही पेटलेला मी पाहिला नाही. धूळ सगळ्यात जास्त कुठल्या रस्त्यावर यायची? वरच्या की नदीकडच्या? एकीच्या आईने म्हणे वाऱ्याची दिशा बघून धुण्याचा वार मंगळवार केला होता आणि त्यावरून शेजारणींनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. टबवाले गृहस्थ या वेळी मध्येच म्हणाले, "माझ्या आईला मी दिवसा बसलेलं बघितल्याचं आठवत नाही." नंतर त्यांनी आपणहून सांगितलं, की बहिणीच्या घरी तळघरात आईचं कपडे पिळायचं यंत्र पडलंय, दोन लाकडी रुळांचं, ओतीव लोखंडाचं. पुढच्या वेळी आणायचं ठरलंय. ते भयंकर जड आहे, जिन्यावरून वर काढायला चार माणसं आणि एक व्हॅन लागेल. व्हॅन मिळाली आहे. दोन माणसं अजून हवीत.